पिकअपमध्ये डिझेल भरताना नोझल सारखं उडतंय, टाकी भरतच नाही

मोहाडीकर_बागायतदार

नमस्कार मंडळी. दिवाळीपासून एका गोष्टीने डोकं उठवलंय, म्हणून धागा काढतोय. माझी दीड टनाची डिझेल पिकअप आहे, 2019 ची, म्हणजे बीएस-4. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीहून टोमॅटो आणि आता द्राक्षं वाशीला नेतो.

डिझेल भरायला गेलो की तीन-चार लिटर गेल्यावर नोझल टक करून बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा टक. पंपावरचं पोरगं नोझल जरा बाहेर ओढून हळूहळू सोडतं तेव्हा कुठे जातं. काटा अर्ध्यावर आला की तेही बंद, तोंडाशी फेस येतो आणि डिझेल पायावर सांडतं. परवा 50 लिटर भरायला पंचवीस मिनिटं लागली. मागे रांग, हॉर्नवर हॉर्न, आणि गाडीत 140 क्रेट द्राक्षं.

चार पंप बदलले, सगळीकडे तेच. दिंडोरी रोडला एक पंप आहे, तिथली जमीन जरा एका बाजूला कललेली आहे. तिथे मात्र बऱ्यापैकी भरतं. पण तो रोज वाटेत येत नाही.

एका गॅरेजवाल्याने टाकीच बदला म्हणून सांगितलं. ऐन सीझनला तो खर्च झेपणारा नाही. टाकीला कुठे पोचा नाही, गळती नाही. कुणाला असा अनुभव आहे का?

आडगाव_नाका

पंपाचा दोष असणार दादा. हायवेच्या पंपांवर ट्रकसाठी जोराचे नोझल लावलेले असतात, छोट्या गाडीच्या तोंडाला तो मारा सोसत नाही. पंपावर सांगायचं, कारसाठीचं नोझल द्या म्हणून.

मोहाडीकर_बागायतदार

@आडगाव_नाका, ते करून झालं. गावातल्या पंपावर कारचंच नोझल आहे, तिथेही तेच.

जुना_पंपवाला

दोन वर्षं पंपावर उभा राहून डिझेल सोडलंय, म्हणून आधी नोझलचं सांगतो. ते आपोआप बंद कसं होतं हे कळलं की निम्मं कोडं सुटतं.

नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. डिझेल जोरात वाहतं तेव्हा त्या भोकातून थोडी हवा सतत आत ओढली जाते. टाकी भरली, डिझेल वर आलं, भोक बुडालं, की हवा मिळायची थांबते. मग नोझलच्या आतला पडदा ओढला जातो आणि खटका सुटतो. यात वीज नाही, सेन्सर नाही. नोझलला टाकी किती भरली ते कळतच नाही, फक्त भोकाशी डिझेल आलं एवढंच कळतं. म्हणजे तुमच्या गाडीत टाकी रिकामी असतानाच डिझेल तोंडाशी येतंय. खाली जायला त्याला वाट मिळत नाही.

तरीही पुढच्या वेळी हे करून बघा. नोझल पूर्ण आत घाला, थोडं फिरवून धरा आणि दांडा अर्धाच दाबा. डिझेलला फेस फार येतो आणि फेसानेही खटका सुटतो.

अजून एक मनापासून सांगायचंय. गाडी भरत नाही म्हणून पंपावरच्या पोरांवर ओरडू नका. दिवसभर उभी असतात ती, आणि सांडलेल्या डिझेलचा बोल त्यांनाच लागतो. हे मी सोसलेलं आहे.

सिडकोचा_पोऱ्या

सोपा उपाय सांगू का भाऊ? झाकणाला ड्रिलने एक भोक पाडा. हवा मोकळी, विषय संपला.

नाना_मिस्त्री

अरे बाबा, असलं काही करू नकोस आणि दुसऱ्याला सांगूही नकोस. झाकणाला भोक पाडलं की पावसाचं पाणी टाकीत, रस्त्याची धूळ टाकीत. वळणावर डिझेल बाहेर पडतं आणि मागून येणारा दुचाकीवाला त्यावरून घसरतो. पाणी पंपात गेलं की होणारा खर्च टाकीच्या खर्चापेक्षा मोठा. आणि मुळात भरताना झाकण काढलेलंच असतं की! मग त्या भोकाचा भरण्याशी काय संबंध?

मोहाडीकर भाऊ, तीस वर्षं डिझेल गाड्यांखाली झोपून काम केलंय. तीन प्रश्नांची उत्तरं द्या.

एक, झाकण उघडताना सुस्स आवाज येतो का? दोन, चढाला गाडी दम तोडते का? तीन, अलीकडे गाडीवर कसलं काम केलंत का? वेल्डिंग, बॉडी, चेसिस, काहीही.

मोहाडीकर_बागायतदार

@नाना, पहिल्या दोन्हींचं उत्तर हो. सुस्स आवाज चांगला मोठा येतो. आणि वाशीहून परतताना कसारा घाट चढताना रिकामी गाडीसुद्धा ओढत नाही. मध्ये थांबून झाकण उघडून पुन्हा लावलं की थोडा वेळ बरी पळते. मी आपला डिझेल फिल्टर दोनदा बदलला! या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही.

तिसरं, पावसाळ्यात गाडी तीन महिने शेडमध्ये उभी होती. दसऱ्याला मागचा हौदा नवीन बांधून घेतला.

निफाडकर

कसारा चढता कशाला? समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून 2025 मध्ये सुरू झालाय. जवळपास 8 किलोमीटरचा बोगदा आहे, घाट टळतो. मी तिकडूनच येतो.

मोहाडीकर_बागायतदार

@निफाडकर, जाताना माल असतो तेव्हा कधीकधी जातो. येताना रिकाम्या गाडीला टोल द्यायचा जीव होत नाही भो.

आडगाव_नाका

टोलचा वेगळा धागा काढा, तिथे मीही येतो. इथे आधी यांची टाकी भरू द्या.

नाना_मिस्त्री

मग ऐका. टाकीला हवेची वाट लागते, आणि ती दोन कामांसाठी लागते.

गाडी चालताना डिझेल कमी होतं, त्याची जागा भरायला बाहेरून हवा आत यावी लागते. त्यासाठी ब्रीदर असतो. बारीक नळी, तिचं टोक चेसिसपाशी उघडं. तो बुजला की टाकी आतून ओढली जाते. तुमचा सुस्स आवाज तोच, आणि कसाऱ्याला गाडी दम तोडते तेही त्यामुळेच.

भरताना उलटं. डिझेल आत येतं, तेवढीच हवा बाहेर जावी लागते. 50 लिटर आत तर 50 लिटर बाहेर. नोझल मिनिटाला 40 लिटर टाकत असेल तर दर सेकंदाला अर्ध्या लिटरहून जास्त हवा निघायला हवी. त्यासाठी टाकीच्या माथ्यावरून करंगळीएवढा एक रबरी पाईप वर तोंडाशी येतो. मोठ्या पाईपातून डिझेल खाली, बारीक पाईपातून हवा वर. ती वर आली नाही तर तिला मोठ्या पाईपातूनच यावं लागतं, डिझेलच्या उलट्या दिशेने. मग भुडभुड, फेस आणि टक.

काही गाड्यांत ही दोन्ही कामं एकाच नळीवर असतात, म्हणून आधी ब्रीदर बघा. चेसिसच्या आतल्या अंगाला उघडं टोक शोधा.

हेमा_मखमलाबाद

नाना, फार सुंदर समजावलंत. मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना हेच मी तांब्याने दाखवते. अरुंद तोंडाचा तांब्या पाण्यात सरळ दाबला की भुडभुड करत भरतो, कारण एकाच तोंडातून पाणी आत आणि हवा बाहेर. तिरका धरला की गपचूप भरतो.

मोहाडीकर, पंपावर न जाताही खात्री करता येईल. ट्रॅक्टरसाठी ठेवलेलं डिझेल असेल तर नरसाळं लावून पाच लिटर हळूहळू ओता. नरसाळ्यातून भुडभुडत परत आलं तर दोष गाडीचाच, नोझलचा नाही.

अंबड_लिंकरोड

माझा अनुभव जरा वेगळा, पण पेट्रोलवाल्यांना उपयोगी पडेल. माझा छोटा टेम्पो पेट्रोल-सीएनजी आहे, बीएस-6. त्यालाही असंच टक टक व्हायचं. पेट्रोलच्या गाड्यांत टाकीतली वाफ बाहेर न सोडता कोळशाच्या डब्यात धरून ठेवतात, त्याला कॅनिस्टर म्हणतात. माझी सवय अशी की नोझल बंद झालं तरी "राउंड फिगर कर रे" म्हणायचं. एकदा बंद झाल्यावर वरून घातलेलं पेट्रोल हवेच्या वाटेने त्या डब्यात जात राहिलं, कोळसा भिजला आणि हवेची वाट बुजली. डबा बदलावा लागला. तेव्हापासून पहिल्या टकला थांबतो, बिल 1487 झालं तर 1487.

निफाडकर

@अंबड_लिंकरोड, म्हणजे यांचाही डबाच बघायला हवा का?

नाना_मिस्त्री

डिझेलच्या पिकअपला तो डबा नसतो. डिझेलची पेट्रोलसारखी वाफ होत नाही. पण त्यांनी सांगितलं ते सोळा आणे खरं आहे, पेट्रोलवाल्यांनी लक्षात ठेवा.

सिडकोचा_पोऱ्या

नाना, भोकाचं चुकलंच माझं. पण हे सांगा, पहाटे थंडीत डिझेल भरलं तर जास्त मिळतं म्हणतात, तेव्हा फेसही कमी येईल ना?

जुना_पंपवाला

पंपाची टाकी जमिनीखाली असते रे. वर नाशिकची कडाक्याची थंडी असो की एप्रिलचं ऊन, खाली डिझेलचं तापमान सकाळ-दुपारमध्ये फारसं हलत नाही. मापाची शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं, ते मागून समोर मोजून घ्यायचं. 5 लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंत फरक चालतो, त्याहून जास्त निघाला तर वैधमापन विभागाकडे तक्रार करता येते. मागायला संकोच करू नका, तो ग्राहकाचा हक्क आहे.

मोहाडीकर_बागायतदार

मंडळी, काल बाग आवरून संध्याकाळी गाडीखाली शिरलो. नरसाळ्याची परीक्षा आधी केली. हेमाताई, तुम्ही म्हणालात तस्संच झालं. दोन लिटर गेलं आणि मग भुडभुडत वर. म्हणजे चारही पंप निर्दोष.

मग बॅटरी घेऊन ब्रीदर शोधला. टोक सापडलं, पण भोक दिसेना. करड्या मातीचा बूच, सिमेंटसारखा घट्ट. खिळ्याने कोरत कोरत काढला. मातीमागे काय असावं? वाळलेले कोळी. एकामागे एक ठासून भरलेले, पाय पोटाशी घेतलेले पाच कोळी. आई शेजारी उभी होती, ती बघताक्षणी म्हणाली, "कुंभारीण आहे ती. पावसाळ्यात शेडमध्ये घिरट्या घालत होती." ही माशी पिल्लांसाठी कोळी धरून आणते आणि वरून मातीने लिंपून टाकते. तीन महिने गाडी उभी, तिला आयतं घर मिळालं.

पाईप दोन्ही टोकांनी सोडवून साफ केला. आज सकाळी झाकण उघडलं, सुस्स नाही. ओझरपर्यंत चक्कर मारली, गाडी मोकळी पळते.

पण पंपावर पुन्हा टक. अगदी पूर्वीसारखं. आता काय करू?

सिडकोचा_पोऱ्या

कुंभारणीकडून तीन महिन्यांचं भाडं घ्या, त्यात नवा पाईप येईल 🙂

आडगाव_नाका

माझ्या ट्रकच्या एअर हॉर्नमध्ये असंच घर केलं होतं. तेव्हापासून गाडी उभी राहणार असेल तर उघड्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधतो. कापडाची चिंधी कोंबायची नाही, ती काढायची राहून जाते.

निफाडकर

आता भरण्याचा पाईप उरला. माझ्या जुन्या गाडीत मोठ्या रबरी पाईपाचा आतला थर सुटून आतच लोंबत होता. बाहेरून पाईप नवा दिसायचा. तो काढून आरपार बघा. आणि बारीक पाईप तोंडाने फुंकून बघा, लगेच कळतं.

परिचारिका_पंचवटी

मी सहसा फक्त वाचते, पण इथे लिहिल्यावाचून राहवत नाही. डिझेलच्या नळीला कृपा करून तोंड लावू नका, फुंकायलाही नाही आणि ओढायला तर मुळीच नाही. डिझेल गिळलं जाण्यापेक्षा श्वासातून फुप्फुसात जाणं जास्त धोक्याचं असतं. एवढासा घोट चुकून श्वासनलिकेत गेला तरी फुप्फुसाला सूज येते. शेतकरी कुटुंबातले असे रुग्ण मी वॉर्डात पाहिलेत, ड्रममधून नळीने तोंडाने डिझेल ओढताना झालेलं. असं झालंच तर उलटी काढायचा प्रयत्न करू नका, थेट दवाखाना गाठा. हातपंप कितीसा महाग असतो!

निफाडकर

ताई, चूक झाली, मागे घेतो. आमच्याकडे सगळे तोंडानेच ओढतात. उद्याच हातपंप आणतो.

हेमा_मखमलाबाद

मोहाडीकर, मी तुमची पहिली पोस्ट पुन्हा वाचली. तुम्हीच एक खूण दिली होती आणि आम्ही सगळे तिच्यावरून पुढे गेलो. दिंडोरी रोडच्या त्या पंपावर जमीन कललेली आहे आणि तिथे बरं भरतं. तिथे गाडीची कुठली बाजू उंच राहते? टाकीचं तोंड असलेली का?

मोहाडीकर_बागायतदार

डोळ्यांपुढे आणून बघतो... हो! तोंडाची बाजू उंच राहते. डिझेल थेट उतारावरून आत जात असेल म्हणून बरं भरत असेल, असं मी धरून चाललो होतो.

हेमा_मखमलाबाद

मला वाटतं कारण दुसरं असावं. हवेचा बारीक पाईप टाकीच्या माथ्यावरून तोंडाकडे सतत चढता हवा ना? तो मध्येच कुठे झोळ पडून खाली लोंबत असेल तर त्या झोळात डिझेल साचून राहील. मोरीच्या नळाच्या वाकात पाणी साचतं तसं. पाईप बुजलेला नाही, फाटलेला नाही, पण साचलेलं डिझेल हवेला अडवतं. तोंडाची बाजू उंच केली की झोळ सरळ होऊन डिझेल टाकीत परत ओघळतं आणि वाट मोकळी होते. नाना, हे बरोबर आहे का? गाडीचं मला फारसं कळत नाही.

नाना_मिस्त्री

हेमाताई, हात जोडतो. मी पाईप बुजलाय का, दबलाय का एवढाच विचार करत होतो. झोळ असणार, आणि तो दसऱ्याला हौदा बांधताना पडलेला असणार. हौदा चढवताना पाईपाची क्लिप काढतात आणि परत लावायची राहते. मोहाडीकर, हौद्याच्या खालच्या आडव्या पट्टीपाशी हात घालून बघा. टाकी बदलायचं नाव काढू नका. पाईप नवा टाकणार असाल तर डिझेलसाठीचाच घ्या, पाण्याचा पाईप डिझेलने फुगतो आणि वर्षभरात लिबलिबीत होतो. आणि गाडीवर पुन्हा वेल्डिंग करायची वेळ आली तर बॅटरीची तार काढून आणि टाकीपासून लांब.

मोहाडीकर_बागायतदार

मंडळी, कसं सांगू. दुपारी दोन क्रेट पालथे घालून त्यावर झोपलो आणि हौद्याखाली हात घातला. बोटांना पाईप लागला तो आडव्या पट्टीच्या खाली, पोट सुटल्यासारखा लोंबणारा. चेसिसला क्लिपचं भोक तसंच रिकामं. खाली डबा धरून एक टोक सोडवलं, तर चहाच्या पेल्याएवढं डिझेल भळकन डब्यात पडलं. गाडी आदल्या रात्रीपासून जागची हललेली नव्हती, तरी ते तिथेच बसून होतं. वर पट्टीला घासून पाईप एका जागी चपटाही झाला होता.

डिझेलचा नवा पाईप आणि दोन क्लिपा, सगळे मिळून 270 रुपये. पट्टीच्या वरून नेला, टाकीपासून तोंडापर्यंत कुठेही खाली न उतरता.

संध्याकाळी मुद्दाम गावातल्या सपाट पंपावर गेलो. त्याच पोराने नोझल घातलं आणि सवयीने बाहेर ओढून धरायला लागला. म्हटलं, दादा, पूर्ण आत घाल आणि सोड. 10 झाले, 20 झाले, आम्ही दोघंही आकड्याकडे बघतोय. 46 लिटरला एकच टक. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दिवाळीत या पोराला मी सगळ्यांसमोर नको ते बोललो होतो. आज त्याला गाडीखालचा पाईप दाखवला, झालेलं सांगितलं आणि माफी मागितली. तो नुसता हसला. घरून आणलेली द्राक्षाची पेटी त्याच्या हातात दिली.

हेमाताई, नाना, तुमच्यासाठीही पेट्या बाजूला काढून ठेवल्यात. कुठे पोचवू ते निरोपात कळवा.

जुना_पंपवाला

तुम्ही त्या पोराची माफी मागितलीत हे वाचून डोळ्यांत पाणी आलं दादा. एवढ्या वर्षांत माझी कुणी मागितली नव्हती.

आडगाव_नाका

पहिल्या उत्तरात मी पंपाला दोष दिला होता, तो मागे घेतो. आज माझ्या चार गाड्यांचे हवेचे पाईप बघून घेतले. एकीची क्लिप गायब आहे.

पिंपळगाव_बसवंत

आत्ताच सगळा धागा वाचला. माझी पिकअप भरते नीट, पण टाकी पूर्ण भरल्यावर वळणावर झाकणापाशी डिझेलचा ओघळ येतो. हेही हवेच्या पाईपाचंच का?

नाना_मिस्त्री

आधी झाकणाचं रबर बघा. चिरलेलं किंवा दगडासारखं कडक झालेलं असेल तर तेवढंच बदला आणि पहिल्या टकला थांबा. तरी ओघळ आला तर इथेच लिहा, मग ब्रीदर बघू.

मोहाडीकर_बागायतदार

पिंपळगावकर, रबर बदलून काय झालं ते नक्की कळवा. मी उद्या रात्री वाचेन. पहाटे चारला वाशीची गाडी आहे, टाकी भरलेली आहे.